रोजची पाच खरी वाक्यं

लातूर,
गुरुवार, दुपार

प्रिय ऋतुजा,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडून टाकली. पहिल्यात मी तुला जेवणाचं विचारलं होतं, दुसऱ्यात होस्टेलचा पंखा दुरुस्त झाला का ते, आणि तिसऱ्यात तर चक्क पहाटेपासूनचं अभ्यासाचं वेळापत्रक लिहायला बसले. अर्धं झाल्यावर माझं मलाच हसू आलं, आणि मग हसू राहिलं नाही. सोमवारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दूध दोनदा उतू गेलं. काल वर्गाला एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्या पायात दुसरीच घालून गेले. तुझे अप्पा म्हणाले, अगं मंजुश्री, फिरून फिरून फरशी झिजवशील, एका जागी बस की जरा. बसले, तर बसल्या जागी पाय हलायला लागले. ते बिचारे मोटारीचं वाइंडिंग अर्धं टाकून दुकानातून तीनदा घरी येऊन बघून गेले. तुला फोन केला की तू चार शब्दांत आटोपतेस, बरी आहे, लेक्चर आहे. वॉर्डनबाई सांगतात की पोरगी जेवते, झोपते, वर्गाला जाते, तुम्ही उगं फिकीर करून राहिलात. पण माझं समाधान होत नाही. फोनवर मी बोलते आणि तू ऐकतेस, हे आपलं वर्षानुवर्षं ठरलेलंच आहे. कागद निदान तुला मध्येच घडी करून ठेवून देता येतो, म्हणून कागद घेतला.

तू ग्रुप का सोडलास ते मला कळलं आहे, आधी तेच सांगते. दर सोमवारी सकाळी मी माझ्या इंग्रजीच्या वर्गाच्या ग्रुपवर 'आठवड्याची वही' टाकते, तुला माहीतच आहे. या बॅचमध्ये टाकण्यासारखी एकाचीही वही नव्हती. पंढरी दोन महिने झाले तरी 'ही गो'च लिहितो, आणि त्या बँकेतल्या दोघी एकमेकींचं उतरवतात, चुकांसकट. म्हणून कपाटातून तुझी उन्हाळ्यातली वही काढली. काय ते अक्षर, एक खाडाखोड नाही. मधलं एक पान उघडलं, वरचं नाव अंगठ्याने झाकलं, फोटो काढला आणि खाली लिहिलं, बघा, सर्वनाम, क्रियाविशेषण आणि 'दॅट'च्या पुढचं वाक्य एकात एक कसं बसतं, असं लिहायला शिका. पाच मिनिटांत तीस अंगठे आले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी फुलांचा गुच्छ पाठवला. अप्पांनाही पाठवलं. त्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, पण तुझं अक्षर ओळखलं आणि 'शाब्बास' लिहिलं. अकराच्या सुमारास दिसलं की तू ग्रुपमधून बाहेर पडलीस. मला वाटलं, होस्टेलवाल्यांनी ग्रुप काढायला लावले असतील, अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. उलट बरंच वाटलं. माणसाला कारण कसं पटकन सापडतं बघ.

आपला तो तक्ता अजून तसाच आहे. तू सातवीत होतीस तेव्हा कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा करून आपण दोघींनी त्याच्यावर रंगवला होता. दुपारचं ऊन खिडकीतून आलं की मागच्या शुभेच्छा अजून उलट्या दिसतात. पहिल्या खान्यात आय, यू, ही, शी, दे. दुसऱ्यात ऑल्वेज, नेव्हर, स्टिल, रिअली, ऑलरेडी. तिसऱ्यात थिंक, नो, होप, फील, से. मग एकटा 'दॅट', आणि त्याच्या पुढे कोरी जागा. तुला आठवतं का, 'दॅट'भोवती तू दाराची चौकट काढली होतीस आणि मी पुसायला लावली होती. नंतर मीच पोरांना सांगायला लागले की हा उंबरा आहे, त्याच्या अलीकडचं सगळं मी देते, पलीकडचं ज्याचं त्याने आणायचं. आणि आपला नियम, रोज पाच वाक्यं, पाचही खरी. राम आंबा खातो असलं काही चालणार नाही. खोटं वाक्य माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो, खरं विसरत नाही, हे मी किती मिरवत सांगायची. लोक लिहायचेही. पंढरीने लिहिलं की त्याची बायको नेहमी म्हणते की तो घोरतो. निवृत्त झालेल्या मडिवाळप्पांनी लिहिलं की त्यांना अजून वाटतं की ऑफिसातून बोलावणं येईल. मी लाल पेन घेऊन फक्त एवढंच बघायची की दुसऱ्या खान्यातला शब्द आपल्या जागी बसला का. पंधरा वर्षांत मी लोकांच्या घरची केवढी गुपितं तपासली असतील, आणि एकही वाचलं नाही.

सोमवारी संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर केवळाबाई मागे थांबल्या. तू त्यांना पाहिलेलं नाहीस, तू नांदेडला गेल्यानंतर आल्या त्या. मूळच्या किल्लारीच्या, साठी ओलांडलेली, इथल्या एका खाजगी दवाखान्यात मावशी म्हणून काम करतात. पहिल्या दिवशी मी विचारलं की या वयात इंग्रजी कशाला, तर म्हणाल्या, डाक्टर लोक पेशंटच्या डोक्यावर उभं राहून इंग्रजीत बोलत्यात बाई, पेशंट माझ्या तोंडाकडं बघतंय, मला कळाया नको का काय बोलून राहिलेत. वर्गातली सगळ्यात कच्ची विद्यार्थिनी. एका वाक्याला दहा मिनिटं घेतात. एकेका शब्दावर बोट ठेवायचं, त्याचा मराठी शब्द आठवायचा, मग बोट पुढे. पोरं मागून हसतात. खरं सांगायचं तर मीसुद्धा एकदोनदा घड्याळाकडे पाहिलंय. त्या दिवशी मोबाईल पुढे धरून म्हणाल्या, बाई, एक इचारू का, राग नगा मानू. दवाखान्यात दुपारी बसल्या बसल्या म्या हे पान समदं जुळवून वाचलं. ह्या लेकराला काय झालंय म्हून कुणी इचारलं का?

मला आधी रागच आला ग. मी म्हणाले, केवळाबाई, ती माझीच मुलगी आहे, मेडिकलच्या तयारीला नांदेडला आहे, आणि ही नुसती सरावाची वाक्यं आहेत. त्यांनी मोबाईल पिशवीत ठेवला. मग हळूच म्हणाल्या, तुमीच तर सांगताव की खरीच लिवायची. पिशवी उचलली आणि गेल्या. मी दिवे बंद करायचे विसरून तिथेच बाकावर बसले. तुझं ते पान उघडलं आणि त्यांच्यासारखं बोट ठेवून वाचायला लागले. बोट ठेवल्याशिवाय मला जमेना, डोळे आपोआप चुका शोधत पुढे पळायचे. पंधरा वर्षांची सवय.

मंगळवारी अप्पा दुकानात गेल्यावर अख्खी वही घेऊन बसले. चाळीस दिवस, दोनशे वाक्यं. मी ती मराठीत उतरवून काढली, इंग्रजीत ठेवली तर पुन्हा तपासायला लागेन अशी भीती वाटली. ग्रुपवर टाकलेल्या त्याच पानावर तू लिहिलंयस की मला नेहमी वाटतं की मी या घरात नाही. त्याखाली माझी लाल खूण, 'इन द हाउस' खोडून 'ॲट होम', आणि पुढे 'व्हेरी गुड'. बाई ग. दुसरीकडे, त्यांना अजून आशा आहे की या वेळी नंबर लागेल. त्याच्या खाली, मला आधीच माहीत आहे की लागणार नाही. तिथे मी बाण काढलाय. तू 'ऑलरेडी' 'नो'च्या नंतर लिहिलं होतंस, मी उचलून त्याच्या आधी ठेवलं. पोरगी सांगतेय की माझ्याच्याने होत नाही, आणि आई एक शब्द इकडून तिकडे ठेवून राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो. एक वाक्य मात्र वाचून हसले. मेमध्ये मला ताप आला होता आणि चार दिवस लहान पोरांची बॅच तू घेतलीस, आठवतं का. तू लिहिलंयस की त्यांना खरंच वाटलं की मीच मॅडम आहे. त्या चार दिवसांत मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. तू त्यांना तक्त्यासमोर उभं करून एकेका खान्याला एकेक पोर नेमलं होतंस, आय झालेला पोरगा पळत जाऊन थिंकचा हात धरायचा, आणि सगळी रांग 'दॅट'पाशी येऊन थांबायची. केवढा दंगा, आणि केवढं हसणं. मला ते पंधरा वर्षांत सुचलं नाही. तुला तसं म्हणाले नाही. ताप उतरल्यावर म्हणाले, पोरांना फार डोक्यावर बसवलंस, आता निकालाच्या तयारीला लाग. निकालाची कसली तयारी असते, तूच सांग.

मी मोठी झाले तेव्हा आमच्या उदगीरच्या घरात मुलींना कुणी काही विचारायचं नाही. माझं बारावीनंतरचं कुणी विचारलं नव्हतं, लग्न ठरल्याचं मला चुलतीने पाणी भरताना सांगितलं. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं की माझ्या मुलीला मी सगळं देईन. दिलंही. क्लास दिला, वेगळी खोली दिली, दिवाळीतसुद्धा तुला कुणाकडे जायला लावलं नाही. बसम्मा आत्याच्या घरची वास्तुशांती होती तेव्हा सगळ्या पाहुण्यांना सांगितलं, तिला येता येत नाही, तिचं स्वप्न आहे ना डॉक्टर व्हायचं. गल्लीत सांगितलं, वर्गात सांगितलं, भाजी घेताना गंजगोलाईत सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. विचारायचं तेवढं राहून गेलं. पहिल्या वेळी मार्क कमी आले तेव्हा तू काहीच बोलली नाहीस, मी म्हणाले, जिद्दी आहे, पुन्हा बसते म्हणते. तू तसं म्हणालीच नव्हतीस. दुसऱ्या वेळीही तेच. यंदा जूनमध्ये नांदेडच्या बॅचचा फॉर्म मी भरला, सही करायला तुला हाक मारली, तू ओल्या हाताने स्वयंपाकघरातून आलीस, सही केलीस आणि परत भांडी घासायला गेलीस. त्या सहीवर पाण्याचा एक थेंब पडला होता. मी तो टॉवेलने टिपला आणि तुला म्हणाले की जरा हात पुसून येत जा.

इथपर्यंत लिहून उठले होते. कुकर लावला, खिडकीशी गेले, पुन्हा आले. खरं घोडं पुढेच पेंड खातंय. आत्तापर्यंत जे लिहिलं ते वाचून तू म्हणशील, आईने वाचलं नाही, तिचं लक्ष नव्हतं, शिक्षकांचं असं होतंच. अप्पाही काल तेच म्हणाले. म्हणाले, तू काय मुद्दाम केलंस का, कामाच्या धांदलीत राहिलं, त्यात एवढं काय मनाला लावून घेतेस. त्यांना मी हो म्हणाले. वहीतलं एक पान मात्र त्यांना दाखवलं नाही.

अडतिसाव्या दिवसाचं पान ते. तिसरं वाक्य. शी ऑल्वेज सेज दॅट आय वाँट धिस. ती नेहमी सांगते की हे मला हवं आहे. ऋतू, हे वाक्य मला त्याच दिवशी कळलं होतं. तेव्हाच, पहिल्या वाचनात. बोट ठेवावं लागलं नाही, मराठी करावं लागलं नाही. ती म्हणजे कोण, हे म्हणजे काय, सगळं कळलं. माझा पेन तिथे थांबला. कागदावर लाल शाईचा एक ठिपका फुगत गेला, तो अजून आहे, पलीकडच्या पानावरही उमटलाय. तू समोरच बसली होतीस, खालच्या चटईवर, लहान पोरांच्या वह्यांना कव्हरं घालत. तुझे हात थांबले होते, हे मी पाहिलं. तू वर बघत नव्हतीस, पण वाट बघत होतीस. मी त्या वेळी एवढंच विचारायचं होतं, काय ग, हे काय लिहिलंस. फॉर्मची शेवटची तारीख परवाची होती. सगळ्यांना सांगून झालं होतं. मी त्या ठिपक्याच्या शेजारी बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. तू पुन्हा कव्हर घालायला लागलीस. त्यानंतर दोन दिवस तू जी वाक्यं लिहिलीस ती सगळी खोटी आहेत, हेही मला कळलं होतं. तिला नेहमी वाटतं की चहा गोड आहे. त्यांना खरंच वाटतं की आज ऊन आहे. एकही चूक नव्हती. मी दहापैकी दहा दिले.

म्हणून हे पत्र. ग्रुपवर पान टाकल्याची माफी मागायची होतीच, ती मागते, ते पान मी काढून टाकलंय. पण खरी माफी त्या बरोबरच्या खुणेची आहे, आणि ती फोनवर मागता आली नसती, मी मध्येच तुला पाणी उकळून पितेस का विचारलं असतं. रविवारी तुमचा पेपर असतो, मला माहीत आहे. बुडाला तर बुडू दे, हे वाक्य माझ्या हातून लिहिलं जातंय, बघून ठेव. रविवारीच अहमदपूर-लोह्यावरून येणारी सकाळची सातची गाडी पकडते, साडेदहापर्यंत तुमच्या फाटकाशी येईन. मी तुला आणायला येत नाही आणि तिथेच राहा म्हणायलाही येत नाही. पुढे काय करायचं ते माझ्या डोक्यात खरोखर काही नाही. इतकी रिकामी मी आयुष्यात कधी नव्हते, आणि मला त्याची भीती वाटून राहिली. केवळाबाईंनी जे विचारलं तेवढंच मला तुला विचारायचं आहे, तीन महिने उशिरा. बाहेर कुठेतरी बसू. तू कोणत्याही भाषेत सांग, मोडकंतोडकं सांग, अर्धं सांग. सांगावंसं वाटलं नाही तर नुसती बस, मी पण बसेन, पाय न हलवता. लाल पेन घरी ठेवून येते.

तुझीच,
आई